जॉन टेलरचा आघातांक आणि जुन्या दुनळीचा बार

मोठ्या बोराच्या शिकारी रायफलींवरील ग्रंथाची चर्चा या त्रैमासिकाच्या पानांवर कां, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें उत्तर सोपें आहे. संस्थानिकांच्या जुन्या शस्त्रागारांत तलवारी-कट्यारींच्या शेजारीं विलायती दुनळी रायफली उभ्या असतात; परंतु दप्तरांतील कागद ज्या बारकाईनें आपण वाचतों त्या बारकाईनें या वस्तु वाचण्याची संवय आपणांस अद्याप लागलेली नाहीं. जॉन टेलर याचा ‘आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस’ हा ग्रंथ १९४८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्याला पाऊणशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी हत्ती व रानरेडा यांसारख्या घातकी जनावरांसाठीं स्वहस्तें काडतुसें भरणारे पुष्कळ लोक आजहि त्यांतील एका अंकाकडे पाहून दारू व गोळी ठरवितात. दारू किती आणि गोळी कोणती या जोडीस आम्ही पुढें ‘बार’ असें म्हणूं. बार निवडण्याच्या कामीं टेलरचा अंक प्रमाण मानावा कीं नाहीं, एवढाच प्रश्न येथें तपासावयाचा आहे.

प्रथम ग्रंथाचे गुण सांगणें न्याय्य होईल. टेलर हा जन्मानें डब्लिनचा. त्याच्या आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेंत, म्हणजे आजच्या मोझांबिकांत, हत्तींच्या मागें गेलीं. रायफलींचे बोरानुसार वर्ग पाडून तो प्रत्येकीविषयीं प्रत्यक्ष वापरांतून बनलेलें मत देतो. कारखानदारांच्या सूचिपत्रांवरून लिहिलेल्या ग्रंथांशीं तुलना केली असतां हा ग्रंथ समकालीन बखरकाराच्या योग्यतेचा ठरतो. साक्षीदार म्हणून टेलर मोठा आहे, यांत आम्हांस संशय नाहीं.

वाद आहे तो त्याच्या ‘नॉक-आउट’ अंकाविषयीं. यास आम्ही ‘आघातांक’ म्हणतों. गोळीचें वजन ग्रेनमध्यें, तिचा वेग सेकंदास फुटांमध्यें व तिचा व्यास इंचांत घ्यावा; तिहींचा गुणाकार करून त्यास ७००० नें भागावें, म्हणजे हा अंक निघतो. कारखानदार गोळीची शक्ति फूट-पौंडांत सांगत. त्या रीतींत वेगाचा वर्ग होत असल्यानें हलकी व वेगवान गोळी कागदावर भारी दिसे. टेलरचा अनुभव याच्या उलट होता, म्हणून त्यानें वेगाचा वर्ग काढून टाकून व्यासास स्थान दिलें. या रीतीनें .४७० च्या ५०० ग्रेनी गोळीचा अंक, वेग २१५० धरल्यास, सुमारें ७३ येतो; .४१६ रिग्बीच्या ४१० ग्रेनी गोळीचा, वेग २३७० धरून, सुमारें ५८.

परंतु हा अंक कशाची साक्ष आहे? हत्तीच्या मस्तकावर झाडलेली टणक गोळी मेंदूस थोडक्यांत चुकली, तरी तो धक्क्यानें मूर्च्छित होऊन पडतो कीं नाहीं, या अनुभवाचें तें गणित आहे. तें त्या प्रसंगापुरतें वाचावयास हवें. पुढील लोकांनीं प्रसंग सोडला आणि अंक तेवढा उचलला. संदर्भ तोडून एकच ओळ उद्धृत करावी तसा हा प्रकार झाला. मऊ टोकाची गोळी व टणक गोळी यांचें वजन, वेग आणि व्यास सारखे असले कीं आघातांकहि सारखाच येतो. पण पहिली रेड्याच्या खांद्यांत फुटून थांबूं शकते व दुसरी आरपार जाऊं शकते. तसेंच ५०० ग्रेनांच्या दोन टणक गोळ्या घ्या, एक .४५८ व्यासाची व दुसरी .४७५ ची. २१५० हाच वेग धरल्यास अंक अनुक्रमें ७० व ७३ येतात, म्हणजे रुंद गोळी श्रेष्ठ ठरते. परंतु तेंच वजन अरुंद गोळींत अधिक लांबलेलें असतें, आणि बांधणी सारखी असल्यास खोल शिरण्याचा कल तिचाच अधिक. ज्यास खोलीची गरज आहे त्यास हा अंक उलट सल्ला देतो. डब्ल्यू. डी. एम. बेल यानें मारलेल्या हजारावर हत्तींपैकीं बहुतेक ७ मिलिमीटरच्या रायफलीनें मारले; तिचा आघातांक १६ च्या आसपास भरतो. यावरून लहान बोर चांगला असें सिद्ध होत नाहीं. बेलची नेमबाजी व त्याचें शरीररचनेचें ज्ञान सर्वांस साध्य नव्हे. पण मारण्याचें सामर्थ्य या अंकांत सांठवलेलें नाहीं, इतकें निश्चित सिद्ध होतें.

याहून गंभीर आक्षेप दुनळीसंबंधीं आहे. .४७० च्या बाराचा वेग शेंकडा पांच वाढविला तर अंकहि शेंकडा पांचच वाढतो, ७३ चा ७६ ते ७७ होतो. परंतु नळींतील दाब त्या मानानें पुष्कळच अधिक चढतो. शिवाय दुनळीच्या नळ्या एका ठराविक बारासाठीं जुळविलेल्या असतात. उजवी नळी उडतांना रायफल धक्क्यानें उजवीकडे वळते, डावी उडतांना डावीकडे. हें वळण हिशेबांत धरून कारागीर नळ्या तोंडाकडे किंचित् जवळ आणून सांधतो. बार अधिक वेगाचा झाला तर वळण पुरें होण्यापूर्वींच गोळी बाहेर पडते व दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकमेकींची वाट ओलांडून उलट बाजूंस लागतात. बार मंद झाला तर त्या परस्परांपासून फांकतात. अर्थात् त्या कारागिरानें कोणता बार धरला होता हें लक्ष्यावर तपासतां येतें. आघातांकांत याचा मागमूसहि नाहीं.

मग प्रमाण कोणतें? आमच्या मतें पहिलें प्रमाण खुद्द रायफल. विलायती दुनळी मोडून नळ्यांच्या बुडाचे सपाट भाग पाहिले असतां परीक्षागृहाचे शिक्के आढळतात. कॉर्डाइटच्या काळांतील .४७० वर ‘कॉर्डाइट ७५–५००, कमाल’ अशा अर्थाचा मजकूर असतो: ७५ ग्रेन कॉर्डाइट, ५०० ग्रेन गोळी, याहून अधिक नाहीं. ही त्या रायफलीची पुष्पिका होय. मात्र ती शब्दशः नकलून भागत नाहीं. ७५ हें वजन कॉर्डाइटचें आहे. आजची दारू निराळी, तिचें तेंच वजन तोच दाब देत नाहीं. साधावयाचा आहे तो मूळचा वेग, सुरक्षित दाबाच्या आंत. कॉर्डाइटचा दाब उष्णतेनें वाढे, म्हणूनच या रायफलींच्या पुंगळ्या प्रशस्त व दाब सौम्य ठेवीत. तापलेल्या नळींत पुंगळी चिकटली तर पुन्हां बार भरण्याची आशा उरत नाहीं.

शिक्का न वाचण्याचा धोका केवळ तात्त्विक नाहीं. सव्वातीन इंची .४५० ची पुंगळी प्रथम काळ्या दारूच्या ‘एक्सप्रेस’ रायफलींत चाले. रिग्बीनें १८९८ मध्यें तिच्यांतच कॉर्डाइट भरून ‘नायट्रो एक्सप्रेस’ काढली. त्यामुळें पुढील काळाचें जबरदस्त काडतूस मागील काळाच्या नळींत बिनतक्रार बसतें. पण उडविलें असतां नळी फाटून हात आणि डोळे जाण्याचें भय असतें. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारनें .४५० बोरावर बंदी घातली, कारण त्या मापाचें साहित्य मार्टिनी-हेन्री बंदुकींस उपयोगी पडेल अशी धास्ती होती. त्यांतून .४७०, .४६५, .४७५ असे निरनिराळे बोर निपजले. आमच्याकडील रायफलींचा काळ ठरवितांना ही सनावळी ध्यानांत ठेवावी.

कागदावरील अंकाचा भरंवसा किती, याचें एक उत्तरकालीन उदाहरण देतों. १९५६ त निघालेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नम काडतुसाचा जाहीर वेग ५०० ग्रेनी गोळीस २१३० फूट होता. पुंगळी आंखूड असल्यानें दारू तींत दाबून भरावी लागे. प्रत्यक्ष वेग पुष्कळदां २००० च्याहि खालीं आढळला व जुन्या काडतुसांत दारूच्या गांठी बनल्याच्या तक्रारी झाल्या. जॅक लॉट यास १९५९ मध्यें मोझांबिकांत रेड्यानें जखमी केलें तेव्हां त्याच्या हातीं हीच रायफल होती. पुढें १९७१ त त्यानें अधिक लांब पुंगळीचें.४५८ लॉट सिद्ध केलें. डब्यावरील वेग घेऊन आघातांक काढणाऱ्यास यांतील कांहींच दिसलें नसतें.

सारांश, टेलरचा ग्रंथ संग्रहीं ठेवण्याजोगा आहे आणि त्याचा अंक समान बांधणीच्या गोळ्यांची स्थूल तुलना करण्यापुरता उपयोगी आहे. बार निवडतांना मात्र प्रमाणांचा क्रम असा असावा: आधीं नळीवरील शिक्का, मग यंत्रानें मोजलेला वेग, मग दोन्ही नळ्यांच्या गोळ्या लक्ष्यावर जुळतात कीं नाहीं, मग गोळीची बांधणी, आघातांक सर्वांच्या शेवटीं. किनॉक कारखान्यानें १९६० नंतरच्या दशकांत या जातीचीं काडतुसें करणें सोडल्यानंतर जुन्या दुनळीच्या धन्यास हातानें बार भरण्यावांचून फारसा मार्ग राहिला नव्हता, आणि तेव्हां ज्यांनीं हा क्रम उलटा केला त्यांनीं नळी व जीव दोन्ही पणास लावलीं.

आमच्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा काळ संपला. तेव्हां येथें प्रश्न बार उडविण्याचा नसून पुरावा राखण्याचा आहे. रायफलीच्या पेटीच्या झांकणास आंतून चिकटविलेली कारागिराची चिठ्ठी, जुन्या काडतुसांचे रिकामे डबे, खरेदीचीं पत्रें हे कागद कचरा समजून टाकले जातात आणि शिक्के ‘स्वच्छ’ करण्याच्या भरांत घांसून काढले जातात. संग्राहकांनीं शिक्क्यांचे ठसे उतरून घ्यावे व चिठ्ठ्या पेटीपासून विलग करूं नयेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. एकदां हीं साधनें गेलीं कीं, त्या रायफलीविषयीं बोलावयास टेलरचा अंक तेवढा शिल्लक राहील, आणि तो एकटा विश्वसनीय साक्षीदार नव्हे.