नरककल्पनेचा उगम : राजदंड आणि करुणा

काही वर्षांपूर्वी धार येथे आमच्या काकांच्या सुतकात गरुडपुराणाचे वाचन चालू होते. यममार्गावरील तापलेली वाळू, वैतरणी, यमदूतांचे पाश अशी वर्णने एकामागून एक येत होती. भिंतीला टेकून बसलेल्या काकूंनी मध्येच हळूच विचारले, "गुरुजी, हे सगळं ह्यांना सोसावं लागलं असेल का हो?" गुरुजी सज्जन गृहस्थ. "नाही हो वहिनी, हे पाप्यांसाठी आहे," असे म्हणून त्यांनी पान उलटले. काकूंचे समाधान झाले नाही. पापांची यादी त्यांनी नुकतीच ऐकली होती, आणि तिच्यातून सर्वस्वी सुटेल असा मनुष्य त्यांच्या ओळखीत नव्हता.

हा नरक आपल्याकडे आला कोठून, याचा शोध घेण्याची इच्छा मला त्या प्रश्नामुळे झाली. सुतकात आपण जे ऐकतो ते बहुधा मूळ गरुडपुराण नसते. नौनिधिराम या पंडिताने संकलित केलेला सोळा अध्यायांचा 'सारोद्धार' असतो. त्याचा शेवटचा अध्याय मोक्षधर्माचा आहे. परंतु श्रोत्याच्या मनावर ठसतात ते आरंभीचे अध्याय: यममार्ग, यातना आणि नरकात नेणारी पापे. ग्रंथाची रचनाच अशी आहे की भय आधी येते आणि ज्ञान शेवटी.

वैदिक वाङ्मयाच्या आरंभी हे चित्र आढळत नाही. ऋग्वेदातील यम हा मृत्यूची वाट प्रथम शोधून काढणारा, पितरांचा राजा आहे. त्याच्या लोकी आनंद आहे. दुष्टांना खोल खळग्यात, निराधार अंधारात ढकलावे अशी प्रार्थना तेथे आहे, पण त्या अंधाराची खाती, दालने, मोजमापे नाहीत. 'नारक लोक' हा शब्द अथर्ववेदात येतो. शतपथ ब्राह्मणात वरुणपुत्र भृगू निरनिराळ्या दिशांना जातो आणि माणसे माणसांना तोडताना पाहतो. त्याचा उलगडा असा की, येथे ज्या वृक्षांना व पशूंना माणसाने तोडले, तेच तेथे परतफेड करीत आहेत. येथे न्यायाधीश कोणी नाही. केवळ केल्याची फेड आहे. कठोपनिषदात तर नचिकेता साक्षात यमाच्या घरी तीन रात्री राहतो, आणि त्याला तेथे एकही कढई दिसत नाही. दिसतो तो पाहुणा उपाशी राहिला म्हणून ओशाळलेला यजमान.

मग हा यजमान कोतवाल कधी झाला? माझ्या मते, राज्यसंस्था बळावली आणि दंड हे तिचे मुख्य साधन झाले, त्या काळात. पाली मज्झिमनिकायातील 'बालपंडितसुत्त' याची उत्तम साक्ष देते. नरकातील दुःख कसे, हे सांगताना तेथे उपमा दिली आहे ती राजाने पकडलेल्या चोराची: सकाळी शंभर भाले, दुपारी शंभर, संध्याकाळी शंभर, आणि नरकाच्या दुःखापुढे हे काहीच नव्हे. त्याच्या पुढच्याच 'देवदूतसुत्ता'त यम मृताला विचारतो, तू देवाचे दूत पाहिले नाहीस काय? त्या पाच दूतांमध्ये तान्हे मूल, म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या बरोबरीने राजाने शासन केलेला गुन्हेगारही आहे. नरकाचा पुरावा म्हणून भर रस्त्यावरील राजदंडाकडे बोट दाखविले आहे.

या विचाराचा एक धागा थेट आपल्या माळव्यात येतो. 'अशोकावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथातील कथा अशी: गिरिक नावाच्या क्रूर माणसाने एका भिक्षूच्या तोंडून बालपंडितसूत्र ऐकले, आणि अशोकाकडून मिळविलेले कारागृह त्यातील यातनांबरहुकूम चालविले. आत शिरलेला कोणीही जिवंत बाहेर पडू नये, असा वरही घेतला. पुढे समुद्र नावाचा भिक्षू कढईत टाकला असता कमळावर बसलेला दिसला, अशोक पालटला आणि तो नरक मोडला गेला. अवदानात ही घटना पाटलिपुत्रात घडते. परंतु सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने उज्जयिनीच्या वर्णनातही, नगरापासून जवळच एक स्तूप असून तेथे अशोकाने नरक उभारला होता, अशी नोंद केली आहे. देवासहून तासाभराच्या वाटेवर कधीकाळी लोक एक जागा दाखवून 'येथे नरक होता' असे सांगत असत!

कथेला इतिहास मानण्याचे कारण नाही. स्वतः अशोकाच्या स्तंभलेखांत मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिल्याचे आणि सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदी सोडल्याचे नमूद आहे. पण कथेचे मर्म विलक्षण आहे. सूत्रकाराने राजाच्या शिक्षेवरून नरक रंगविला. गिरिकाने त्या नरकावरून राजाची शिक्षा रचली. आरसा आणि वस्तू यांनी जागा बदलल्या.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. यरुशलेमच्या वेशीबाहेर हिन्नोमची दरी आहे. तेथे आहाज आणि मनश्शे या राजांनी पोटची मुले अग्नीत अर्पण केली, असे यहुदी धर्मग्रंथ सांगतात. त्या दरीच्या नावावरून 'गेहेन्ना' आणि त्यावरून अरबी 'जहन्नम' हा शब्द आला. माळव्यात आपण रागाच्या भरात सहज उच्चारतो तो हाच शब्द. तेथेही एका राजाच्या क्रौर्याची जागा परलोकात जाऊन बसली.

नरक ही राजदंडाची सावली, एवढेच म्हणून थांबणे मात्र एकांगी ठरेल. मनुस्मृतीतील एकवीस नरकांची यादी कोणत्या प्रसंगी येते, ते पाहावे. लोभी व शास्त्रबाह्य वागणाऱ्या राजाकडून दान घेणाऱ्याला ते नरक सांगितले आहेत. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक आहेत. त्यांपैकी सूकरमुख हा निरपराध्याला दंड करणाऱ्या राजासाठी व राजपुरुषासाठी आहे. ज्याच्याविरुद्ध कोणत्याही कचेरीत दाद मागता येत नाही, त्याच्यावरही एक कचेरी आहे, असा दुबळ्याचा हा दिलासा आहे. आपल्या घराण्यांतील कितीतरी पूर्वजांनी पवारांच्या दरबारी लेखणी चालविली. चित्रगुप्ताच्या दप्तराचा धाक त्यांच्यापैकी काहींना खोटी नोंद करण्यापासून परावृत्त करीत असेल, तर त्या कल्पनेने आपले काम केले असेच म्हणावे लागेल.

मराठी संतांनी हा वारसा दोन प्रकारे हाताळला. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थ आधिदैविक ताप म्हणून यमयातना सविस्तर सांगतात. तेथे त्यांचा रोख अन्याय करणाऱ्यावर आहे. ज्ञानेश्वरांसमोर गीतेच्या सोळाव्या अध्यायातील काम, क्रोध, लोभ ही नरकाची तीन दारे होती. त्यांच्या भाष्यात ही दारे जिवंत माणसाच्याच वाटेवर उघडतात. समर्थांचा नरक अन्यायाला जरब बसवितो, ज्ञानेश्वरांचा नरक आपल्याला आपलीच ओळख करून देतो. वाङ्मयीन दृष्ट्या मला दुसरा अधिक खोल वाटतो. तरी पहिल्याची गरज संपली, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

पण या दोघांहून मोठा प्रसंग महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात आहे. युधिष्ठिराला नरकात आपल्या माणसांचे आक्रोश ऐकू येतात. तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने बरे वाटते, थांब, असे ते म्हणतात. तो देवदूताला परत पाठवितो आणि तेथेच थांबतो. तो थांबल्यावर तो नरक नाहीसा होतो. इंद्र त्याला सांगतो की, प्रत्येक राजाला नरक पाहावाच लागतो. राजदंडातून जन्मलेली कल्पना महाभारतकाराने अशी राजाच्याच पायाशी आणून ठेवली, आणि तिच्यावरचा उतारा म्हणून करुणा दिली.

आता पुन्हा काकूंच्या प्रश्नाकडे वळू. ज्या पोथीचा धाक सत्ताधाऱ्याला वाटावा, ती आपण शोकाकुल विधवेला ऐकवितो, ही माझी तक्रार आहे. परंपरा सोडा, असे मी म्हणत नाही. कठोपनिषदाच्या तिसऱ्या वल्लीच्या शेवटी, हे आख्यान श्राद्धकाळी ऐकवावे, ते अनंत फळ देते, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे सुतकाच्या घरी नचिकेत्याची कथा वाचायला नवी परवानगी नको. ती फार जुनी आहे. पुढे काकूही गेल्या. तेव्हा आम्ही सारोद्धाराचा मोक्षधर्माचा अध्याय आणि कठोपनिषद अर्थासह वाचून घेतले. गुरुजी तेच होते. वाचून झाल्यावर पोथी बांधताना ते म्हणाले, "वहिनींना हे आधी ऐकवायला हवं होतं."