एका अशक्य आज्ञावलीविषयी

इंग्रज संगणकतज्ज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांचे ‘अ‍ॅन इम्पॉसिबल प्रोग्रॅम’ हे छोटेखानी पत्र १९६५ च्या जानेवारीत ‘द कॉम्प्युटर जर्नल’मध्ये आले. अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९५३ साली आगगाडीच्या डब्यात आपल्याला ही सिद्धता ऐकवली आणि आपण तिचा तपशील लगोलग विसरलो, असे ते सांगून टाकतात. विद्वानांच्या लिखाणात असा मोकळेपणा विरळाच!

मुद्दा असा. संगणकाची कोणतीही आज्ञावली केव्हातरी थांबेल की अखंड फिरत राहील, हे अचूक सांगणारा परीक्षक आहे असे समजा. मग एक खोडसाळ आज्ञावली रचावी. तिने परीक्षकाला स्वतःविषयीच विचारावे. तो ‘थांबेल’ म्हणाला की फिरत राहावे, ‘थांबणार नाही’ म्हणाला की थांबावे. परीक्षक दोन्हीकडून खोटा!

पुष्कळांना हा नुसता शब्दच्छल वाटेल, आणि त्यात थोडा दोष स्ट्रेचींचाही आहे. आज्ञावली म्हणजे शेवटी अक्षरेच, ती दुसरीपुढे वाचायला ठेवता येते, हा ट्यूरिंग यांच्या १९३६ च्या निबंधातला पाया ते उलगडून दाखवीत नाहीत. एखाद्या विशिष्ट आज्ञावलीचा निकाल लावता येतो. नाकारला आहे तो सर्वांना पुरून उरणारा एकच परीक्षक. एवढे ध्यानात ठेवून वाचले, तर त्या चिमुकल्या आज्ञावलीची करामत मनापासून आवडते.