पिसारोच्या एका रेल्वेचित्रातील रिता उतार

फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या धामधुमीत, १८७० मध्ये, कामीय पिसारो फ्रान्स सोडून लंडनच्या दक्षिणेस नॉरवुड भागात राहावयास आला. तेथे १८७१ मध्ये त्याने रंगविलेले ‘लॉर्डशिप लेन स्थानक, डलिच’ हे तैलचित्र लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात आहे. दृक्प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन १८७४ मधील. म्हणजे हे चित्र त्या संप्रदायाला नाव मिळण्यापूर्वीचे होय.

पादचारी पुलावरून पाहिलेले हे दृश्य आहे. मध्यभागी रूळ, दोहों बाजूंस गवताचे उतार, पलीकडे नवी घरे, आणि स्थानक मागे टाकून समोरून येणारी एक आगगाडी. आगगाडी म्हटली की टर्नरचे १८४४ मधील ‘पाऊस, वाफ आणि वेग’ हे चित्र आठवावे, हे स्वाभाविक आहे. पिसारोने लंडनमध्ये टर्नरची चित्रे अभ्यासिली होती. परंतु टर्नरची गाडी वादळ फोडून धावत येते. पिसारोची गाडी नुसती येते. तिच्या धुरावर आणि ओलसर गवतावर ढगाळ आकाशाचा एकच मंद उजेड पडला आहे. गवताच्या हिरव्या रंगात तपकिरी व करडी छटा इतकी मिसळली आहे की इंजिनाचा काळा रंग तेथे परका वाटत नाही.

तथापि या चित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. तांत्रिक परीक्षणात असे आढळले की, उतारावर पिसारोने प्रथम गवत कापणारा एक माणूस रंगविला होता व नंतर तो रंगाखाली झाकून टाकला. तो राहता, तर चित्राला एक सोपी कथा लाभली असती: इकडे जुना शेतकरी, तिकडे नवे यंत्र. सहानुभूतीही आपोआप वाटली गेली असती. (पुढे शेतकऱ्यांची इतकी चित्रे काढणाऱ्या पिसारोला तो माणूस पुसणे सोपे गेले नसावे.) उतार रिता झाल्यामुळे प्रेक्षकाला बाजू घेण्यास आधारच उरत नाही, रूळ हेही ओढ्यासारखे भूमीचेच अंग म्हणून पाहावे लागतात. चित्रात मानवी जिव्हाळा नाही असा आक्षेप येथे घेता येईल, पण तो जिव्हाळा त्या घरांच्या मांडणीत आहे. ती घरे या रेल्वेमुळेच तेथे आली.

स्फटिकप्रासादाकडे जाणारा हा लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला आणि १८५४ मध्ये सिडनहॅम येथे पुन्हा उभारलेला तो प्रासाद १९३६ मध्ये जळाला. १९५४ मध्ये मार्गही बंद पडला. पुलाखालच्या त्या जागेवर आता झाडी वाढली आहे.