सरावलीचा फोटो सापडत नाही

एखादी जागा ‘हरवली’ असं म्हणायचं, तर आधी कुणीतरी तिचा फोटो काढून ठेवलेला असावा लागतो. पॅरिसच्या जुन्या गल्ल्या गेल्या हे आपल्याला कळतं, कारण युजीन आत्जे नावाचा माणूस जड कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षं त्या गल्ल्यांतून फिरला. गिरणगाव गेलं हे कळतं, कारण चिमण्यांचे आणि चाळींचे फोटो आहेत. मी राहते त्या सरावलीचा, म्हणजे डहाणू तालुक्यातल्या सरावलीचा, जुना फोटो मी बरेच दिवस शोधतेय. फोनमध्ये नाव टाकलं की आधी बोईसरची सरावली येते, मग भिवंडीची. आमची आलीच तर प्लॉटच्या जाहिरातीत येते.

म्हणजे उद्या ही जागा ओळखू येईनाशी झाली, तर ती हरवली असंसुद्धा कुणी म्हणणार नाही.

हरवलेल्या जगांचं वेड दोन कलांना फार आहे, छायाचित्रणाला आणि विज्ञानकथेला. फोटो सांगतो की हे होतं. विज्ञानकथा सांगते की हे असंही होऊ शकेल. दोघींचं माझ्यावर ऋण आहे, म्हणूनच त्यांच्याशी थोडं भांडायचंय. आमच्यासारख्या जागांकडे वळताना त्या नेमकं काय करतात?

कापलेली माणसं

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी विल्यम जॉन्सन या इंग्रज माणसाने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जाती-जमातींचे फोटो, असा त्यांचा विषय. ही पानं आज पाहिली की आधी त्यांची सफाई डोळ्यांत भरते, आणि मग काहीतरी खटकतं. माणसांवरचा उजेड वेगळा आणि मागच्या देखाव्यावरचा वेगळा. कारण बऱ्याच फोटोंमध्ये माणसं एकीकडे टिपली, कापली, आणि दुसरीकडे काढलेल्या देखाव्यावर चिकटवली. फोटोशॉप यायला तेव्हा सव्वाशे वर्षं होती.

याला ‘फेक’ म्हणून पुढे जाणं सोपं आहे. पण त्यामागचा विचार बघा. माणूस हा एक नमुना, आणि नमुन्याला शोभेल अशी जागा त्याच्यामागे लावता येते. त्या माणसाचं त्या जागेशी काय नातं होतं, तो तिथे कधी उभा तरी राहिला होता का, हे प्रश्न फोटोला पडतच नाहीत.

ती कात्री आता आपल्या फोनमध्ये आहे, तिचं नाव क्रॉप. डहाणू-तलासरीच्या पाड्यांचे जे फोटो सतत फिरतात ते आठवा. काळे-पांढरे किंवा मातकट रंगाचे, कारवीच्या कुडाची भिंत, तारपा वाजवणारा म्हातारा, खाली ‘लुप्त होत चाललेलं जग’ अशी ओळ. विजेची तार फ्रेमच्या बाहेर. डिश अँटेना बाहेर. म्हाताऱ्याची नात बोईसरला कंपनीत जाते, तीही बाहेर. फोटोतलं जग लुप्त झालेलं दिसतं, कारण त्यात आज जे जे आहे ते आधीच काढून टाकलेलं असतं.

फोटो कुणी मानला नाही

विज्ञानकथेने हाच खेळ उलट्या बाजूने खेळलाय. आर्थर कॉनन डॉयलची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही कादंबरी १९१२ सालची. डायनोसॉर अजून जिवंत असलेलं दक्षिण अमेरिकेतलं एक पठार, आणि तिथे गेलेले चार जण. ‘हरवलेलं जग’ हा शब्दप्रयोग आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा. पण त्यातल्या दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही.

पहिली म्हणजे, फोटो हा पुरावा या कादंबरीत पूर्ण हरतो. मंडळी लंडनला परत येतात, भरल्या सभेत फोटोंचा दाखला देतात, आणि एक प्राध्यापक उठून म्हणतो की फोटो तर बनवताही येतात. शेवटी प्रोफेसर चॅलेंजर पेटीतून जिवंत टेरोडॅक्टिल बाहेर काढतो, तेव्हा लोक गप्प बसतात. एआयच्या चित्रांवरून आपण आज जे वाद घालतो, तो १९१२ मध्ये लिहून झालाय.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पठारावर अडकलेल्या या शहाण्या माणसांना खाली उतरायची वाट सापडत नाही. तिथे राहणाऱ्या आदिवासींचा तरुण मुखिया त्यांना झाडाच्या सालीचा एक तुकडा देतो. सालीवर कोळशाने ओढलेल्या काही रेषा. आधी कुणालाच त्यांचा अर्थ लागत नाही. मग उमगतं की तो डोंगरातल्या गुहांचा नकाशा आहे, आणि त्यातली एक गुहा बाहेर जाते.

त्या तरुणासाठी हे जग कधी हरवलेलंच नव्हतं. त्याचं ते घर होतं, त्याच्या वाटा त्याला पाठ होत्या. डॉयलला हे लिहिताना दिसलं, पण पुस्तकाचं नाव त्याने लंडनच्या बाजूने ठेवलं. नकाशा काढणारा कथेत दुय्यमच राहिला.

पुणे–मुंबई, आणि पलीकडे?

फोटो आणि विज्ञानकथा एकत्र आलेली सर्वांत सुंदर कलाकृती माझ्या मते क्रिस मार्करचा ‘ला जते’ हा १९६२ चा फ्रेंच चित्रपट. जेमतेम अर्ध्या तासाचा, आणि जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिस उद्ध्वस्त झालंय, उरलेली माणसं जमिनीखाली राहतात. एका कैद्याला भूतकाळात पाठवायचं ठरतं. त्यालाच का, तर लहानपणी ऑर्ली विमानतळावर पाहिलेलं एका बाईच्या चेहऱ्याचं दृश्य त्याच्या मनात घट्ट बसलंय म्हणून. सगळ्या चित्रपटात एकदाच चित्र हलतं. झोपलेली ती बाई डोळे उघडते. एवढंच. पण तेवढ्या क्षणात फोटोतलं माणूस जिवंत होतं आणि आपल्याकडे बघतं. शेवट सांगत नाही, स्वतः बघा.

मराठीत या तोडीची कल्पना जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहे. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, त्यानंतर मी ती पुन्हा वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जिथे १७६१ मध्ये पानिपतावर मराठे जिंकलेत. तिथून परत येताना त्यांच्याकडे उरतं ते बखरीचं फाटकं पान. ते पान म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या जगाचा जणू फोटो. अपघाताला आणि कल्पनेला पुंजभौतिकीचा आधार देऊन नारळीकरांनी ‘असं झालं असतं तर’ या घरगुती हळहळीला विचाराची शिस्त लावली. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण त्या कथेतला प्रवास पुणे ते मुंबई आहे. मी वाचलेल्या बहुतेक मराठी विज्ञानकथांचा नकाशा तेवढाच आहे. पुणे, मुंबई, मग थेट अमेरिका किंवा अवकाश. यान मंगळावर उतरतं, पण विरारच्या पुढे येत नाही. आदिवासी पाडा आलाच, तर शास्त्रज्ञाला एखादी वनस्पती मिळवून देण्यापुरता. म्हणजे फोटो आम्हाला फक्त भूतकाळ देतो, आणि विज्ञानकथा आम्हाला भविष्य देत नाही. दोन्हींच्या मधला जो काळ, ज्यात आम्ही राहतो, तो कुणाच्याच फ्रेममध्ये नाही.

कुठलं जग गेलं, आणि बरं झालं

जुन्या जगाच्या हळहळीबद्दल अजून एक. डहाणू-तलासरीत एक जग खरोखरच संपलं. वेठबिगारीचं जग. सावकाराकडून लग्नासाठी पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांची सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. त्या पुस्तकाकडे मी हरवलेल्या जगाचा दस्तऐवज म्हणून बघते, आणि ते जग हरवलं म्हणून त्यात कुणीही रडत नाही. जुना फोटो ‘किती साधं, किती सुंदर’ म्हणत शेअर करताना हे आठवावं. त्या साधेपणात कुणाची तरी वेठ असू शकते.

आणि जपण्यासारखं जे होतं, ते जपायची इथली रीत वेगळीच होती. लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. मध्ये पालघाट देवी. लग्न झालं, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं. पुढच्या लग्नात नवं. ते पुसलं जाणार हे काढतानाच माहीत असायचं, आणि ते हरवलं असं कुणाला वाटत नसे, कारण हाताला ते येत होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार इथे आले आणि त्यांनी कागद दिले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. १९८९ मध्ये त्यांचं काम पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होतं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र बघा. कागदभर पसरलेलं जाळं, बारीक बारीक विणीचं, आणि त्याच्यापुढे माणूस मुंगीएवढा. क्षितिज नाही, सावली नाही, तारीख नाही. नंतरच्या वारली चित्रकारांच्या चित्रांत तारप्याच्या फेराशेजारून आगगाडी जाते, वर विमान असतं, आणि गाडी आली म्हणून फेर मोडत नाही. फोटोला जे जमलं नाही ते इथे सहज होतं. आज आणि पूर्वी, दोन्ही एकाच पानावर, कुणालाही न कापता.

डॉयलच्या त्या सालीवरच्या रेषा मला इथे आठवतात.

उद्याचा फोटो

हा सगळा वाद आता माझ्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. पुढे नव्वदच्या दशकात इथे औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं, आणि त्याची सुमारे २७५ मीटरची चिमणी हीच आमची दूरवरून दिसणारी खूण झाली. वाढवणचं बंदर १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलं होतं. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या आराखड्याला परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला, आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव होणार आहे.

तेव्हापासून संकल्पचित्रं फिरू लागली. संकल्पचित्र म्हणजे न झालेल्या गोष्टीचा फोटो. छायाचित्रण आणि विज्ञानकथा यांचं हे सरकारमान्य अपत्य. अशा चित्रांत समुद्र निळाशार असतो. आमचा समुद्र निळा नाही, गढूळ आहे, आणि ओहोटीला लांबवर आत जातो. मग उघड्या पडलेल्या खडकांवर बाया कालवं काढतात. संकल्पचित्रात ओहोटी नसते. काठ सरळ, क्रेन रांगेत, आणि कुठेतरी संगणकाने उभी केलेली हेल्मेटवाली माणसं. जॉन्सनने माणसं कापून देखाव्यावर चिकटवली होती. इथे देखावा आधी बनतो, आणि कुठलीही माणसं चिकटवली तरी चालतात.

बंदर व्हावं की नाही, यावर इथल्या घराघरांत मतं आहेत आणि ती एकसारखी नाहीत. नोकरी हवी असणारा मुलगा आणि बोटीवर जाणारा त्याचा बाप एकाच घरात जेवतात. माझा आक्षेप चित्राबद्दल आहे. त्या चित्रात हे घरच नाही. तिथे आधीपासून कुणी राहत नव्हतं, असं ते न बोलता सांगतं. पुढे वीस वर्षांनी कुणीतरी जुन्या किनाऱ्याचे काळे-पांढरे फोटो शेअर करेल आणि खाली ‘हरवलेलं जग’ लिहील. आधी पुसायचं आणि मग हळहळायचं, या दोन टोकांच्या मधे आम्हाला विचारायचं राहून जातं.

मला वाचायची आहे ती मराठी विज्ञानकथा अशी. साल २०९०. वाढवणच्या भरावावर पाणी चढतंय, यंत्रांना कारण कळत नाही. आणि एका मांगेला बाईला कळतं, कारण जुनी ओहोटी कुठवर जायची हे तिच्या आजीने तिला सांगितलंय. ती कथेची नायिका आहे, मार्गदर्शक नाही. तिला नोकरी आहे, वैताग आहे, मोबाइलचं बिल आहे. ही कथा पुण्यात बसून कुणी लिहिली तरी चालेल, पण डहाणू लोकलने एकदा शेवटच्या स्टेशनपर्यंत या.

तोवर एक काम फोन हातात असलेल्या प्रत्येकाला जमेल. आपल्या गावाचा फोटो काढा. विजेची तार कापू नका, प्लॉटचा बोर्ड कापू नका, नातीची स्कूटी कापू नका. रंग मातकट करू नका. कुणी फ्रेममध्ये असेल तर आधी विचारा. जागेचं नाव आणि तारीख खाली लिहा. मी सरावलीपासून सुरुवात केली आहे.