आषाढ नसलेल्या देशात ‘ऋतुचक्र’

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. मराठी महिन्यांच्या अंगाने निसर्ग पाहणारे हे छोटेखानी पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. सिंगापूरला आल्यावर मी ते पुन्हा वाचले आणि आपल्या साहित्यातला पाऊस मला वेगळाच दिसू लागला.

सिंगापूर काय नि मुंबई काय, दोन्हीकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण मुंबईचा जवळजवळ सगळा चार महिन्यांत, तर इथला बाराही महिने. त्यामुळे इथे चातक होण्याची वेळच येत नाही. मराठी लेखनातला पाऊस मात्र आधी वाट पाहायला लावतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तो येत नाही आणि गावच्या गाव उठून जाते. पावसाला पैसा देऊ करणारे आपले बडबडगीत इथल्या मुलांना पाठ होते; पण न बोलावता येणाऱ्या पाहुण्याला लाच कशाला, हे त्यांना उमगत नाही.

मंडळांमधल्या पाऊसगाण्यांच्या कार्यक्रमांबद्दल माझी तक्रार आहे ती इथेच. गाणी गोडच असतात, पण बहुतेकांत पाऊस म्हणजे विरह नाहीतर मीलन. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, त्या पावसाला तिथे जागा नसते.

दुर्गाबाई आपली मनःस्थिती पावसावर लादत नाहीत. त्या आधी पाहतात, झाडाला नावाने ओळखतात, मग संस्कृत काव्य आणि लोकपरंपरा आठवतात. पुस्तकाला मर्यादा आहेच. निसर्ग केंद्रस्थानी असल्याने पावसात राबणारा माणूस कडेला राहतो. आणि त्यांचे महिने इथे लागू पडत नाहीत. पण त्यांची नजर लागू पडते, आणि माझ्या मते पुस्तकाचे खरे मोल तेच आहे.

पहाटे पश्चिमेकडून येणारी ‘सुमात्रा’ वादळे, डिसेंबर-जानेवारीतली ईशान्य मोसमी झड, खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे आत ओढताना होणारी तारांबळ, मुंबईतही भेटणारे आणि आभाळ भरून आले की पाने मिटणारे पर्जन्यवृक्ष : हे सारे मराठीत लिहिले जायला हवे. मुलांना आषाढ समजावून सांगायचा, तर त्यांच्या दाराशी पडणारा पाऊस आधी मराठीत सांगता आला पाहिजे.