लाखाच्या ताटाला हजार

आमच्या अवसरी बुद्रुकची माणसे माल घेऊन मंचरच्या बाजारात जातात. तराजू मात्र दुसऱ्याच्या हाती असतो. म्हणून ‘सेरिवाणिज जातक’ मला निव्वळ बोधकथा म्हणून वाचता येत नाही.

५४७ पाली जातकांपैकी हे तिसरे. मोलमजुरीवर जगणाऱ्या आजी-नाती एका दागिन्यासाठी मळलेले जुने ताट फेरीवाल्याला दाखवतात. तो सुईने ओरखडा काढून सोने ओळखतो आणि कवडीमोल म्हणून ताट फेकून जातो. दुसरा व्यापारी मात्र सांगतो, हे लाखाचे आहे. हा बोधिसत्त्व, पहिला पुढे देवदत्त.

पण सत्य सांगणारा देतो काय? ५०० कार्षापण आणि ५०० चा माल. त्यातूनही ८ कार्षापण, तराजू व थैली मागून घेतो. लाखाला हजार! आजीने राजीखुशीने दिले, हे खरे. परंतु गरजवंताची राजीखुशी आपल्याला ठाऊक आहे. शेवटी दोन्ही व्यापाऱ्यांना पुढचा जन्म मिळतो. आजी-नात कोण झाल्या, हे कथा सांगत नाही.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचे देहांतर व पूर्वकर्माचा सिद्धान्त नाकारला. त्याच्या आडून समाज दीनदुबळ्यांची जबाबदारी झटकतो, हे त्यांनी ओळखले होते. जुन्नरच्या लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान कोरले आहे. धान्य पिकवणारा त्या लेखात नाही.

जातके जरूर वाचावीत. पण व्यापाऱ्याचे जन्म मोजण्याआधी ताटाचे मोल मोजावे. तराजू आजीच्या हाती असता तर कथा कशी संपली असती, हे आता आपण लिहायचे आहे.