अराक्नीचं कापड

ग्रीक पुराणातली युरोपाची गोष्ट सांगतात ती अशी: देवांचा राजा झ्यूस युरोपा नावाच्या राजकन्येच्या प्रेमात पडला, पांढरा बैल झाला आणि तिला पाठीवर घेऊन समुद्रापार क्रीट बेटावर गेला. प्रेमात पडला! पोरीला विचारलं होतं का कुणी? आपल्या वस्तीत याला पळवून नेणं म्हणतात.

दुसरी बाजू मला सापडली रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फोसिस'मध्ये, सहाव्या भागात. तिथे अराक्नी नावाची विणकरीण आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या एका लहान गावातली. बाप लोकर रंगवणारा, आईही तसल्याच घरातली. लोक म्हणत, विणकामाच्या देवीनेच, मिनर्व्हानेच, हिला शिकवलं असणार. ही म्हणाली, नाही. एकलव्याने न शिकवणाऱ्याला गुरू मानून अंगठा दिला. या पोरीने मानलंच नाही. मग देवीशी पैज.

देवीने विणले सिंहासनावरचे बारा देव, स्वतःचा विजय, आणि चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करणाऱ्या माणसांना झालेल्या शिक्षा. कापड कसलं, नोटीसच ती. अराक्नीने विणली देवांची प्रकरणं. एकट्या झ्यूसचीच नऊ. लीडाकडे हंस होऊन, डॅनीकडे सोनं होऊन गेलेला. आणि युरोपा? ती सुटलेल्या किनाऱ्याकडे बघतेय, मैत्रिणींना हाका मारतेय, उसळतं पाणी लागेल म्हणून पाय वर ओढून घेतेय. ते पाय मला फार लागले. बैलाच्या बाजूने गोष्ट सांगणाऱ्याला ते दिसत नाहीत.

ओव्हिड स्पष्ट लिहितो की देवीला त्या कामात खोट काढता आली नाही. तिने कापड फाडलं आणि हातातला धोटा पोरीच्या कपाळावर तीन-चारदा हाणला. धोट्याचं आणि आपलं जुनं आहे. त्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. आज मी साच्यावर उभा आहे तो त्यामुळे.

आपल्या लिखाणाला म्हणतात, आशय आहे हो, पण कारागिरी कच्ची. ती सुधारा, मग बघू. मीही हे खरं मानून वर्षभर वृत्तं घोटली. अराक्नी वाचल्यापासून तो विश्वास उडाला. तिची वीण कच्ची असती तर देवी हसून निघून गेली असती.

ओव्हिडशी माझं भांडण शेवटावर आहे. अराक्नी गळफास घेते, मग देवीला दया येते आणि ती तिला कोळी करते. ही कसली दया! कोळ्याला विणता येतं, पण त्याच्या जाळ्यात युरोपा येत नाही. गर्विष्ठ पोरीला शिक्षा झाली असं सांगणारे पंडित तर कापडावर काय होतं ते बघतच नाहीत. ओव्हिडने निदान ते बघितलं, लिहून ठेवलं. त्यालाही सम्राट ऑगस्टसने इ. स. 8 मध्ये काळ्या समुद्राकाठी तोमिसला हाकलला. एक कारण आपली कविता, असं तो स्वतःच लिहितो. मेला तो तिकडेच.